काडतुसाचं कुळ

लालबाग-परळच्या चाळींत ‘रेशनकार्ड’ फारसं कुणी म्हणत नसे, म्हणत ते ‘रेशनकाड’. गावी पत्र टाकायचं म्हणजे ‘काड’ टाकायचं. हे काड आणि बंदुकीत घालायच्या काडतुसातलं काड एकाच घरची, असं सांगितलं की वरळीतली माझी मित्रमंडळी हसतात. हसोत बापडी. कार्ड काय आणि काडतूस काय, दोन्ही लॅटिनमधल्या ‘कार्ता’ची, म्हणजे कागदाची नातवंडं आहेत. इथवर कोशकारांतही भांडण नाही. भांडण आहे ते काडतूस हे नातवंड मराठीत कुणी आणून सोडलं यावर. त्या भांडणात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हे नातं मला कोशात सापडलं नाही. शिकारीच्या सामानाच्या जुन्या याद्या चाळायचा मला नाद आहे, त्यात सापडलं. काळ्या घोड्याजवळ डेव्हिड ससून लायब्ररीला लागून आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग उभी आहे. आज तिच्यात लोक कपडे घ्यायला शिरतात. एकेकाळी ते आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं मुंबईतलं दुकान होतं. लंडनमध्ये १८७१ साली काही लष्करी अधिकाऱ्यांनी मद्याची खोकी घाऊक भावात मिळावीत म्हणून सहकारी संस्था काढली, पुढच्या वर्षी दुकान थाटलं आणि १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली. या मंडळींची खरी दौलत म्हणजे त्यांची मालाची यादी. १९०७ सालची यादी १९६९ मध्ये पुस्तक म्हणून पुन्हा छापली गेली, ती हजारावर पानांची आहे. तंबूपासून चहाच्या किटलीपर्यंत आणि बंदुकीपासून बुटाच्या पॉलिशपर्यंत सगळं त्यात. छावणीतल्या साहेबानं यादीवर बोट ठेवायचं, पत्र टाकायचं आणि वाट पाहायची.

शिकाऱ्याला या याद्यांचं वेड बंदुकीपेक्षा तिच्या चिल्लर सामानासाठी जास्त. टपालातून स्फोटक वस्तू पाठवायला मनाई, त्यामुळे दारू आणि भरलेली काडतुसं यांना पोस्टाची वाट बंद. पण काडतूस भरायची मापं, साचे, दाबायचे दांडे, चकत्या यांना कोण अडवणार? या चकत्यांनीच मला पकडलं. भरलेल्या काडतुसात छऱ्यांवर पातळ पुठ्ठ्याची एक गोल चकती बसवतात, तिला इंग्रज शिकारी ‘कार्ड’ म्हणतो. म्हणजे काडतुसाच्या पोटात कार्ड. आणि मागवायचं तेही कार्डावर लिहून, कारण १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचं पोस्टकार्ड आपल्याकडे मिळू लागलं होतं. एक नातवंड दुसऱ्याला निरोप धाडून तिसऱ्याला बोलावतंय, असा तो मामला.

हे सुख मात्र सगळ्यांचं नव्हतं. १८७८ च्या शस्त्रकायद्यानं हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि गोऱ्यांना मोकळं सोडलं. त्यामुळे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या हर्टर्सच्या आठवणी वाचताना माझ्यासारख्याला हेवा आणि गंमत दोन्ही वाटतं. मिनेसोटातल्या वसीका या लहानशा गावात १८९३ मध्ये कापडचोपडाचं दुकान म्हणून सुरू झालेली ही पेढी. जॉर्ज लिओनार्ड हर्टर यानं १९३७ च्या सुमारास तिचा टपालधंदा काढला, आणि काडतूस भरायच्या यंत्रांपासून लाकडी बदकांपर्यंत सगळं स्वतःच्याच मालाची बेफाम स्तुती करत विकलं. गृहस्थानं पाककृतींचं पुस्तकही लिहिलं आणि त्यात इतिहासाच्या नावाखाली वाटेल ते दडपून दिलं. १९६८ च्या कायद्यानं अमेरिकेत टपालानं बंदुका विकणं थांबलं. हर्टर्सला ते झेपलं नाही, १९८१ च्या सुमारास दुकान बुडालं. जे निर्बंध अमेरिकी शिकाऱ्याला १९६८ मध्ये जाचले, त्यांहून कडक निर्बंधांत आपल्याकडचा बंदूकवाला नव्वद वर्षं राहून चुकला होता.

तरीही काडतूस भरायची विद्या कोकणात पोचलीच. तिथे अजून बंदुकीच्या दोन जाती मानतात. एक ठासणीची बंदूक, दुसरी काडतुसाची. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्या किंवा चिंध्या गजानं ठासायच्या, मग छर्रे, मग पुन्हा काथ्या. काडतुसाच्या बंदुकीत हेच सगळं एका नळकांड्यात आधीच रचून ठेवलेलं. नळकांडं पितळी असेल तर बार झाल्यावर बुडाची फुटलेली टोपी काढून नवी बसवायची आणि पुन्हा भरायचं. कागदी काडतूस स्वस्त, पण कोकणातल्या पावसात ते फुगतं आणि नळीत अडकून बसतं. म्हणून विलायती कंपन्यांनी गरम, दमट देशांसाठी ओल न धरणारी काडतुसं काढली. ईलीचं ‘पेगामॉइड’ हे त्यातलंच. प्लॅस्टिकचं काडतूस १९६० मध्ये अमेरिकेत निघालं. तोवर छऱ्याचं काडतूस म्हणजे मुख्यत्वे पितळी बुडाची कागदी नळीच होती, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे खडकीच्या कारखान्याचं बारा बोअरचं शक्तिमान आलं. (बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी.) १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारच संपली आणि बंदुका पीकसंरक्षणाच्या परवान्यावर उरल्या.

आता मुद्द्याचं.

‘कार्ता’पासून इटालियनमध्ये ‘कार्तोच्चो’ झालं, म्हणजे कागदाची गुंडाळी. वरळी सी-फेसवर चणेवाला कागद वळून जी पुडी हातात देतो, तीच. पोर्तुगीजमध्ये ‘कार्तुशु’ म्हणजे आजही पुडी आणि काडतूस दोन्ही. लिस्बनला भाजलेले चेस्टनट त्याच्यातून खातात. एका बाराची दारू आणि गोळी कागदात गुंडाळून शिपायाच्या कमरेला द्यायची रीत युरोपच्या फौजांत सतराव्या शतकात रुळली. फ्रेंचांनी तिला ‘कार्तूश’ म्हटलं. नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या शिपायांना तिथल्या राजांच्या नावांभोवतीच्या लांबट चौकटी आपल्या काडतुसांसारख्या दिसल्या, म्हणून त्या चौकटींनाही विद्वान आजवर ‘कार्तूश’च म्हणतात. १८५७ मध्ये चरबीच्या काडतुसांनी काय केलं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.

मराठी काडतुसाचा बाप कोण, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: पोर्तुगीज. बटाटा, पाव, चावी, पगार, तुरुंग या पंगतीत काडतूसही बसवून देतात. या पंगतीचे यजमान म्हणजे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दलगादो. बार्देशातल्या आसगावचा हा माणूस लिस्बनला जाऊन आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश लिहितो, १९१३ साली. मी त्यांच्यापुढे टोपी काढतो. पण काडतुसाच्या बाबतीत मान डोलावत नाही.

का, ते सांगतो. ‘चावी’ घ्या. पोर्तुगीज ‘शाव्ही’, पण मराठीत ‘च’ आला, कारण हा शब्द वसई-गोव्यात शिरला तेव्हा पोर्तुगीजांच्याही तोंडी तिथे ‘च’च होता. पुढे लिस्बनकडे त्याचा ‘श’ झाला. मग कार्तुशु जर वसईच्या पोर्तुगीजांकडून, १५३४ ते १७३९ या दोनशे वर्षांत आपल्याकडे आला असता, तर ‘काडतूच’ व्हायला काय हरकत होती? मराठीला ‘च’ परका नाही. पण झालं काडतूस. हा ‘स’ आला कुठून?

पोर्तुगीजवाले म्हणतील, शब्द गोव्यातून उशिरा आला, ‘श’ झाल्यावर. ठीक. पण मराठीला ‘श’ तरी कुठे जड आहे? आपण शाई म्हणतो, शिंपी म्हणतो. ‘श’चा सर्रास ‘स’ करतो तो पुरबी माणूस. अवध-भोजपूरकडे शहराचं सहर होतं, शरमेची सरम होते. आणि बघा, हिंदीत शब्द आहे ‘कारतूस’. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो नोंदला आणि त्यावर शिपायांच्या हिंदुस्तानीचा शिक्का मारला. त्याच कोशात ‘तोसदान’ही आहे. शिपायाच्या कमरेची काडतुसांची पेटी ती. मूळ फारसी ‘तोशदान’, म्हणजे शिदोरीची पिशवी. तिथेही ‘श’चा ‘स’! कुणी म्हणेल की तोसदानाच्या ओढीनं कार्तूशचा कारतूस झाला. खुशाल म्हणा, मग तर शब्द शिपायाच्या बराकीतच घडला हे तुम्हीच कबूल करता.

पोर्तुगीज आणि फ्रेंच यांच्यामागून इंग्रज हा तिसरा दावेदार. त्यांच्या आजच्या ‘कार्ट्रिज’मधून काडतूस निघणं अशक्य, शेवटचा ‘ज’ जाईल कुठे? पण जुन्या इंग्रजी फौजेत ‘कार्टूच’ असाही शब्द होता, तोही फ्रेंचांकडूनच उसना. म्हणजे इंग्रजाला बाप म्हणा, आजोबा फ्रेंचच राहतो.

आता फ्रेंच कवायत आणि पुरबी जीभ यांची गाठ मराठी मुलुखात कुठे पडली? बहुतेक लोक चटकन महादजी शिंद्यांच्या द ब्वान्यकडे धावतात. तो सव्हॉयचा, फ्रेंच बोलणारा, १७८४ मध्ये चाकरीला आला, त्यानं हिंदुस्थानात पलटणी उभ्या केल्या. मला तो उशिराचा वाटतो, आणि पुण्यापासून लांबचाही. माझा उमेदवार त्याच्या आधीचा आहे: गारदी. १७५० च्या दशकात फ्रेंच सेनानी बुसी हैदराबादेत बसला होता. त्याच्या कवायतीत तयार झालेला इब्राहिमखान पुढे पेशव्यांकडे आला आणि १७६१ मध्ये पानिपतावर पडला. ‘गारदी’ हेच नाव फ्रेंच ‘गार्द’वरून पडलं असं बरेच जण मानतात. आणि शनिवारवाड्यात १७७३ मध्ये नारायणरावांवर चालून गेलेल्या गारद्यांची नावं आठवा. सुमेरसिंग, खरकसिंग. ही नावं देशावरची नव्हेत. फ्रेंचांची कवायत शिकलेले, हिंदुस्तानी बोलणारे, तोसदान बांधलेले हे लोक पेशव्यांच्या दारात पहाऱ्याला उभे होते. काडतूस हा शब्द पुण्याच्या कानावर पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून पडला असणार. त्याआधी शिवकाळातला बंदूकवाला तोड्याची बंदूक वापरायचा आणि दारू शिंगातून ओतायचा. त्याला कागदी पुडीचं काम नव्हतं, मग शब्दाचं कुठून असणार!

राहिला ‘ड’. कारतूसचा काडतूस मराठीनं केला, आणि इथे माझी लाडकी समजूत येते. ऐकणाऱ्यानं अनोळखी शब्द ओळखीच्या तुकड्यांत तोडला. काड म्हणजे काडी. तूस म्हणजे भाताचं तूस, दाणा गेल्यावर उरणारं टरफल. बार झाल्यावर जमिनीवर काय पडतं? काडीएवढं पोकळ टरफल. दोन्ही शब्द नपुंसकलिंगी, ‘ते तूस’, ‘ते काडतूस’; हिंदी कारतूस मात्र पुल्लिंगी. यावर एक आक्षेप जोरदार आहे: अठराव्या शतकातलं कागदी काडतूस दातानं फाडून दारू नळीत ओतत, कागदही आतच ठासत, मागे टरफल उरतच नसे. बरोबर. पण फाडून टाकलेलं कागदाचं टोक तर पायाशी पडायचं! मला तेवढं तूस पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी साधं उत्तर आहे: ‘र’ आणि ‘त’ यांची जोडणी जिभेला जड गेली आणि ‘र’च्या जागी ‘ड’ बसला. कार्डाचं काड झालं तेव्हाही ‘र’ असाच गळाला. मात्र काडतूस आधीचं आणि कार्ड नंतरचं. एकानं दुसऱ्याला वळण लावलं असं म्हणायला जागा नाही. कागदाची दोन नातवंडं वेगवेगळ्या वाटांनी आली आणि मराठी तोंडात त्यांचं रूप जुळलं, एवढंच.

कागद आणि दारू यांची मूळ जोडी कुठे पाहायची असेल तर दिवाळीत लालबागच्या बाजारात जा. पोरांच्या पिस्तुलात घालायचा टिकल्यांचा रोळ म्हणजे कागदाच्या पट्टीत जागोजाग चिमूटभर दारू. वरळीत महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, अंजली भागवतांसारखे नेमबाज तिथे घडले. पण तिथे काडतूस हा शब्द शोधायला जाऊ नका, नेमबाजांच्या बोलण्यात ‘राउंड’ असतात. वरळीच्या किल्ल्याचा आधार पोर्तुगीजवाल्यांनी घेऊ नये, हेही जाता जाता सांगतो. लोक त्याला पोर्तुगीज म्हणतात, पण तो १६७५ च्या सुमाराचा, इंग्रजांचा आहे.

माझा निकाल असा: शब्द फ्रेंच, आणला पुरबी गारद्यानं, ‘ड’ मराठीचा. हा निकाल पाडायचा असेल तर रस्ता सोपा आहे. वसई पडली त्या १७३९ च्या आधीच्या मोडी कागदात ‘काडतूस’ हा शब्द दाखवा, मी पोर्तुगीजवाल्यांच्या पंगतीत मुकाट बसेन. पुण्याच्या पेशवे दफ्तरात किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारात मोडी वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे की दारूगोळ्याच्या याद्या वाचताना एवढा एक शब्द डोळ्यांत ठेवा, आणि सापडला तर तारखेसकट कळवा.