नाडीची साक्ष आणि हृदयाची साक्ष

गुरुग्रामच्या कार्यालयांत आज पुष्कळ मनगटांवर अशी घड्याळे दिसतात, की जी वेळेबरोबर नाडीचे ठोकेही सांगतात. वैद्याने मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहावी, ही आपली जुनी रीत. ते काम आता घड्याळाने पत्करले आहे. परंतु नाडी जे सांगते, तेच हृदयही सांगत असते का? या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि त्यातील एक प्रकरण शेजारच्या दिल्लीशी निगडित आहे.

योगी आपले हृदय इच्छेनुसार थांबवतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची उपकरणांनी तपासणी आरंभली, तेव्हा अशा समजुतींना प्रयोगशाळेचे दार उघडले. योगायोग असा, की हृदयातील विद्युत्‌स्पंदने टिपणारे यंत्र सिद्ध केल्याबद्दल आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञास नोबेल पारितोषिक मिळाले, तेही त्याच वर्षी.

आइन्थोव्हेनच्या यंत्रापुढे रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. कारण त्वचेचा बाह्य थर शुष्क व मृत पेशींचा असल्यामुळे तो विद्युत्प्रवाहास अडथळा करतो. मिठाचे पाणी तो अडथळा कमी करते. पण भांड्यांत हातपाय घालून बसलेला मनुष्य आसने कशी करणार? भांड्यांऐवजी क्षारयुक्त लेप लावून त्वचेवर बांधावयाच्या धातूच्या पट्ट्या आल्या, तेव्हा कोठे ही अडचण दूर झाली. या पट्ट्या म्हणजेच विद्युदग्रे, अर्थात इलेक्ट्रोड.

१९३५ साली डॉ. तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ बाई असे सुटसुटीत यंत्र घेऊन भारतात आल्या. एका योग्याच्या आलेखातील हृदयाची स्पंदने काही सेकंद जवळजवळ शून्यावर आलेली त्यांना आढळली. हृदय थांबते, या समजुतीस जणू शास्त्राचीच साक्ष मिळाली.

१९५७ साली अमेरिकेतील वेंगर व बागची या संशोधकांनी दिल्लीच्या डॉ. बालकृष्ण आनंद यांच्या साहाय्याने हा दावा पुन्हा तपासला. त्यांचा निबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय थांबवण्याचा दावा करणारे तिघे साधक श्वास रोखून छाती व पोटाचे स्नायू आवळीत. त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होई, ध्वनी क्षीण होत आणि मनगटावरील नाडी बोटांना लागेनाशी होई. विद्युदग्रांची साक्ष मात्र निराळी होती: हृदय चालूच होते! चौथ्या साधकाने आपली हृदयगती खरोखरच बरीच मंदावली, हेही त्यांनी तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवले.

श्वास रोखला की छातीतील हृदयाची स्थितीही किंचित बदलते. तेव्हा विद्युदग्रांच्या एकाच जोडीस जे अल्प दिसते, ते दुसऱ्या जोडीस स्पष्ट दिसू शकते. एकाच बाजूने पाहून निवाडा देऊ नये, हा धडा येथे मिळतो.

पुढे विद्युदग्रे मनुष्याबरोबर चालू लागली. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांचे १९४० च्या दशकातील पाठीवरचे यंत्र सुमारे ३८ किलो वजनाचे होते. आज तेच काम छातीवर चिकटवलेली लहानशी पट्टी करते. शरीरात विद्युत् वाहते ती आयनांच्या रूपाने, धातूत इलेक्ट्रॉनांच्या रूपाने. चांदीवरील सिल्व्हर क्लोराइडचा थर या दोहोंमधील देवाणघेवाण स्थिर राखतो. तरी घाम आला, लेप वाळला किंवा पट्टी सरकली की आलेख बिघडतो. संशोधकांची झुंज आजही या केसाएवढ्या अंतराशीच चालू आहे.

मनगटावरचे घड्याळ सामान्यतः प्रकाशाच्या साहाय्याने रक्ताची लाट पाहते. म्हणजे ते नाडीच पाहते. काही घड्याळांत विद्युदग्रेही असतात. दुसऱ्या हाताचे बोट टेकवले की आलेख उमटतो. पण तोही एकाच जोडीचा. हृदयविकाराचा झटका ओळखणे हे या घड्याळांचे काम नव्हे, असे त्यांचे उत्पादकही सांगतात. म्हणून छातीत कळ उठल्यावर घड्याळ स्वस्थ दिसते एवढ्यावर विसंबून घरी थांबू नये. साक्षीदार खरा असला, तरी त्याने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे विचारल्यावाचून निवाडा करू नये.