जाळी बारीक, म्हणून हवा कळली?

जमिनीलगतच्या हवेतला संक्षोभ हा आता शास्त्राचा प्रश्न उरलेला नाही, तो केवळ यंत्रसामग्रीचा प्रश्न आहे, असे एक मत अलीकडे फार रुळले आहे. संगणक मोठा घ्या, गणिताच्या बिंदूंची जाळी बारीक करा, उत्तर आपोआप बरोबर येईल; आज जिथे चुकते तिथे एवढेच समजा की जाळी अजून पुरेशी बारीक झालेली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने घडवलेली ६ किलोमीटर जाळीची हवामान-अंदाज प्रणाली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५मध्ये कार्यान्वित झाली. आधीची जाळी १२ किलोमीटरची होती. काम अभिनंदनीय आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्यावरून सुशिक्षित मंडळी जे अनुमान काढतात त्याच्याशी: बारावरून सहावर आलो, उद्या एकावर येऊ, परवा दहा मीटरवर; मग हवेत गुपित असे उरेल काय?

पुष्कळ उरेल, असे माझे म्हणणे आहे. दोन्ही बाजू मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या सर्वांत बळकट रूपात. ऊन चढू लागले की जमीन तापते, तिच्यालगतची हवा उसळून वर जाते आणि दुपारपर्यंत एक-दोन किलोमीटर जाडीचा घुसळणारा थर तयार होतो. हा सीमास्तर. त्यात किलोमीटरभर रुंदीच्या भोवऱ्यांपासून मिलिमीटरएवढ्या भोवऱ्यांपर्यंत सगळे एकाच वेळी नांदतात. त्यांची गती ठरवणारी नेव्हिए आणि स्टोक्स यांची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत. कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१च्या सिद्धांतानुसार मोठे भोवरे फुटत-फुटत लहान होतात, ऊर्जा वरून खाली उतरत जाते आणि शेवटी उष्णतेत विरते. या उतरंडीत अगदी लहान भोवरे आपले मूळ विसरतात आणि सगळीकडे सारखेच वागतात. मग मोठे भोवरे समीकरणांनी थेट मोजावेत आणि जाळीतून निसटणाऱ्या लहानांसाठी एक सूत्र वापरावे, हे ओघानेच आले. असे सूत्र जोसेफ स्मागोरिन्स्की यांनी १९६३मध्ये दिले. त्यातला स्थिरांक डग्लस लिली यांनी १९६७मध्ये कोल्मोगोरोव्ह यांच्या सिद्धांतावरून सुमारे ०.१७ असा काढला. १९७०मध्ये जेम्स डिअरडॉर्फ यांनी अवघ्या ६,७२० बिंदूंच्या जाळीवर ही रीत चालवून दाखवली. पुढे २०११मध्ये सलिव्हन आणि पॅटन यांनी एकच दुपार निरनिराळ्या जाळ्यांवर चालवली: सर्वांत भरड जाळीत प्रत्येक दिशेला ३२ बिंदू, सर्वांत बारीक जाळीत १,०२४, म्हणजे एकूण शंभर कोटींहून अधिक. थराची जाडी जाळीच्या अंतराच्या साठपट झाली की बहुतेक सरासऱ्या बदलेनाशा होतात, असे त्यांना आढळले. याहून भक्कम पुरावा पूर्वपक्षाकडे नाही. आणि तो पुरावा खरा आहे, हे मी आधीच मान्य करतो.

आता उत्तरपक्ष.

पहिला मुद्दा साध्या अंकगणिताचा. ‘आज ना उद्या सगळेच मोजू, सूत्राची गरजच उरणार नाही’ या वाक्यातला ‘उद्या’ किती दूर आहे? एक किलोमीटरचा घन घ्या. मिलिमीटरपर्यंतचे भोवरे पकडायचे तर प्रत्येक दिशेला दहा लाख बिंदू लागतात. एकूण एकावर अठरा शून्ये. प्रत्येक बिंदूवर वेगाचे तीन घटक, दाब आणि तापमान अशा पाच राशी, प्रत्येकीला आठ बाइट. ही नुसती साठवण झाली सुमारे ४० हजार पेटाबाइट. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचा ‘फ्रंटियर’ हा २०२२मध्ये जगातला सर्वांत वेगवान संगणक ठरला. त्याची स्मृती दहा पेटाबाइटच्या आत आहे. म्हणजे असे चार हजारांवर संगणक हवेत, आणि तेही एका चौरस किलोमीटरवरच्या हवेसाठी. शिवाय जाळीचे अंतर निम्मे केले की बिंदू आठपट होतात आणि काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते; म्हणजे श्रम सोळापट. दहा मीटरवरून मिलिमीटरवर जाताना ते एकावर सोळा शून्ये इतके पट वाढतात. तेव्हा सूत्र ही तात्पुरती सोय नाही. ज्यांना या हवेचे गणित करायचे आहे त्यांना ते कायमचे सोबतीला घ्यावे लागेल.

दुसरा मुद्दा पूर्वपक्षाच्याच साक्षीदाराचा. सलिव्हन-पॅटन यांची दुपार कोणती होती? कोरडी, निरभ्र, सपाट जमिनीवरची, आणि जमिनीतून येणारी उष्णता सगळीकडे सारखी आणि आधीच ठरवून दिलेली. तिथे मोठे भोवरेच सारे काम करतात, म्हणून लहानांचे सूत्र थोडे चुकले तरी बिघडत नाही. पण त्याच ठिकाणी रात्र होऊ द्या. जमीन थंड पडते, जड हवा खाली बसते, उसळी थांबते. थर दोन-एकशे मीटरांवर किंवा त्याहून खाली येतो आणि भोवरे काही मीटरांचे उरतात. आर्क्टिकमधल्या नोंदींवर बेतलेल्या अशाच एका मध्यम स्थिर थरावर अनेक गटांनी आपापली मॉडेले चालवली. जमीन तासाला पाव अंशाने थंड होत जाते, एवढीच अट; जाळ्या १२.५ मीटरपासून १ मीटरपर्यंत. त्याचा निष्कर्ष २००६मध्ये प्रसिद्ध झाला: ६.२५ मीटर जाळीवरही उत्तर जाळीखालच्या सूत्रावर अवलंबून होते. जाळी एक-दोन मीटरांवर नेली तेव्हा सरासऱ्या स्थिरावल्या, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण ही रात्र मध्यम होती. वारा पडलेल्या, आकाश निरभ्र असलेल्या हिवाळी रात्री संक्षोभ अधूनमधून जागा होतो आणि पुन्हा विझतो. त्या रात्री कोणती जाळी पुरी पडेल?

तिसरा मुद्दा त्याहून बोचरा आहे. जाळी बारीक केली की उत्तर निदान बिघडत तरी नाही, असे आपण गृहीत धरतो. ते गृहीतकही टिकत नाही. जाळी अगदी भरड असते तेव्हा सीमास्तराचा एकही भोवरा तिला दिसत नाही. सगळे भोवरे सूत्रात. बारा किलोमीटरवरून सहावर आल्याने सह्याद्रीचे घाट मॉडेलला अधिक नीट दिसतात, तो लाभ खराच. पण सीमास्तराचा संक्षोभ दोन्हींत पूर्णपणे सूत्राच्याच हवाली असतो. जाळी अगदी बारीक, काही दहा मीटरांची असते तेव्हा दुपारचे मोठे भोवरे थेट मोजले जातात. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात भोवऱ्याची रुंदी आणि जाळीचे अंतर एकाच मापाचे होतात. भोवरा अर्धा मोजला जातो, अर्धा सूत्रात राहतो, आणि सूत्राला हे ठाऊक नसते. दोन मुनिमांनी एकच रक्कम आपापल्या वहीत मांडावी तसा हा प्रकार. जॉन विनगार्ड यांनी २००४मध्ये या पट्ट्याला नकाशावर न आलेल्या मुलखाची उपमा दिली, ती उगीच नाही.

दिल्लीचे उदाहरण पाहू. तिथल्या हिवाळी धुक्यासाठी आणि प्रदूषणासाठी पुण्याच्याच संस्थेने ४०० मीटर जाळीची मॉडेले उभी केली. धुके जमिनीलगतच्या थंड, पातळ थरात जन्मते. तिथे ४०० मीटरची जाळी फार भरड, म्हणून सगळी भिस्त सूत्रावर. तीच जाळी दुपारी, थर किलोमीटरभर वाढला की, नेमकी त्या मधल्या पट्ट्यात सापडते. जाळी तीच, जागा तीच; मध्यरात्री एक अडचण, मध्यान्ही दुसरी. त्या संस्थेने केवळ संगणकावर न विसंबता २०१५पासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याच्या प्रत्यक्ष मोजमापांची मोहीम हाती घेतली. ज्यांना काम करायचे आहे त्यांना जाळीची मर्यादा पक्की ठाऊक असते. ती विसरतात ते प्रेक्षक.

चौथा मुद्दा जमिनीचा. भोवऱ्याचा आकार त्याच्या उंचीशी बांधलेला असतो. जमिनीपासून पाच मीटरांवर काही मीटरांचे, एका मीटरवर त्याहून लहान. जाळी दहा मीटरांची असो वा एका मीटरची, तिच्या तळाच्या ओळीवरचे भोवरे तिला कधीच पुरते दिसत नाहीत. १९९२मध्ये मेसन आणि थॉमसन यांनी दाखवले की स्मागोरिन्स्की यांच्या सूत्रामुळे जमिनीलगत वाऱ्याचा वेग उंचीनुसार प्रमाणाबाहेर झपाट्याने वाढलेला दिसतो. जाळी बारीक केल्याने हा दोष जात नाही, जमिनीच्या आणखी जवळ सरकतो. तो कमी झाला कशाने? ऊर्जा केवळ मोठ्याकडून लहानाकडे जात नाही, थोडी उलटही परतते, हे ओळखून ती परतफेड त्यांनी सूत्रात घातली तेव्हा. औषध जाळीत नव्हते. ते भौतिकीत होते.

आणि तळाच्या त्या ओळीला जमीन किती उष्णता देते, हे तरी कोण सांगते? मोनिन आणि ओबुखोव्ह यांचा १९५४चा सिद्धांत. त्याची कसोटी लागली १९६८मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससच्या सपाट शेतावर, गव्हाच्या खुंटांवरून वाहणाऱ्या वाऱ्यात. आपल्याकडे १९९०च्या मॉन्सूनमध्ये ‘मॉन्टब्लेक्स’ मोहिमेत जोधपूर, दिल्ली, वाराणसी आणि खरगपूर इथे ३० मीटर उंचीचे मनोरे उभारून हीच मोजणी झाली. जोधपूरच्या नोंदींवरून राव आणि रोद्दम नरसिंह यांनी २००६मध्ये दाखवले की वारा मंद आणि जमीन तापलेली असताना उष्णतेचा प्रवाह वाऱ्याच्या वेगावर जवळजवळ अवलंबूनच नसतो, आणि जमिनीचे घर्षण वेगाच्या वर्गाने न वाढता वेगाच्याच प्रमाणात वाढते. मॉडेलांत रूढ असलेली सूत्रे मात्र उष्णतेचा प्रवाह वेगाशी बांधून ठेवतात. मंद वारा आणि तापलेली जमीन ही आपल्या उन्हाळ्याची नित्याची स्थिती आहे. जाळी कितीही विणा, तळाशी गेलेला आकडाच चुकीचा असेल तर वरची बारकाई काय कामाची?

पाचवा मुद्दा ढगांचा. जुलै २००१मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे प्रशांत महासागरावर रात्री विमाने नेऊन तिथल्या सपाट, पसरट ढगांच्या थराची मोजणी झाली. मोहिमेचे नाव ‘डायकॉम्स-२’. त्यातल्या एका रात्रीचे प्रतिरूप अनेक गटांनी केले. ढगमाथ्यापाशी उभ्या दिशेने जाळी पाच मीटरांची. २००५मध्ये स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी ताळा मांडला. बहुतेक मॉडेलांनी वरची कोरडी हवा ढगात वाजवीपेक्षा जास्त ओढली आणि ढग प्रत्यक्षापेक्षा विरळ केला. सत्याच्या जवळ कोण गेले? ज्यांनी ढगमाथ्यावरचे जाळीखालचे मिश्रण कमी ठेवले ते. पाच मीटरांवरही निकाल ठरवला तो न दिसणाऱ्या भोवऱ्यांच्या हिशेबाने. समुद्रावरचे हे ढग सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला थंड ठेवतात. तेव्हा ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

राहिला शेवटचा आधार: जाळी बारीक होत गेली की प्रत्येक झुळुकीचेही भाकीत करता येईल. याला उत्तर एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६९मध्येच देऊन ठेवले आहे. कोल्मोगोरोव्ह यांच्या उतरंडीत भोवऱ्याचा आकार निम्मा झाला की त्याचे आयुष्य सुमारे ०.६३पट होते. दुपारच्या दीड किलोमीटर जाड थरात मोठ्या भोवऱ्याचे आयुष्य बारा मिनिटांच्या आसपास धरा. आता जाळी निम्मी करत चला. प्रत्येक वेळी भाकिताला मिळणारी जादा मिनिटे घटत जातात: साडेसात, मग पावणेपाच, मग तीन. अशी अनंत वेळा निम्मी केली तरी साऱ्यांची बेरीज पहिल्या बारा मिनिटांच्या तिपटीपर्यंतही पोचत नाही. अर्धा तास, फार तर त्याहून थोडे अधिक. साऱ्या जगाचे संगणक जोडले तरी एखाद्या ठरावीक भोवऱ्याचे भाकीत त्यापलीकडे जात नाही. इथे अडसर यंत्राचा नाही. तो हवेच्या स्वभावातच आहे.

यावर कुणी विचारील, मग ही प्रतिरूपे टाकून द्यायची काय? मुळीच नाही. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही, त्यांच्या नावाने चाललेल्या भाबड्या हिशेबावर आहे. डिअरडॉर्फ यांच्याकडे आजच्या मोबाइलपुढेही क्षुल्लक ठरेल असे यंत्र होते. तरीही दुपारच्या हवेची गती जमिनीवरच्या घर्षणापेक्षा थराची जाडी आणि जमिनीतून येणारी उष्णता ठरवतात, हे त्यांनी ओळखले आणि त्यांतून वेगाचे एक माप काढले. ते आजही या शास्त्राचा पाया आहे. ते तिथे थांबलेही नाहीत. १९७४मध्ये विलिस यांच्यासह त्यांनी तळाकडून तापवलेल्या पाण्याच्या टाकीत त्याची पडताळणी केली. ऑस्ट्रेलियातल्या १९६७च्या ‘वांगारा’ मोहिमेतला तेहतिसावा दिवस संगणकावर पुन्हा उभा करून तो नोंदींशी ताडून पाहिला. मोठा प्रश्न, लहान जाळी, कडक तपासणी, हा त्यांचा क्रम होता. तो उलटा करून मोठी जाळी, लहान प्रश्न आणि तपासणीला रजा असा ठेवला, तर त्याला प्रगती म्हणायचे काय?

वाचक न्यायाधीश आहेत, म्हणून त्यांच्या हाती कसोटीही देतो. यापुढे हवेचे कोणतेही देखणे प्रतिरूप समोर आले की चार प्रश्न विचारावेत. जाळीखाली काय गेले? त्याची जागा कोणत्या सूत्राने घेतली? ते सूत्र बदलले तर उत्तर बदलते का? आणि कोणत्या मोजमापाशी ते ताडले? पहिल्या तिन्हींची उत्तरे संगणकाच्या खोलीत मिळतील. चौथ्यासाठी मनोरे उभारावे लागतील, विमाने उडवावी लागतील, आणि त्यांचा खर्च संगणकाच्या खर्चाइतकाच आवश्यक मानावा लागेल. तो टाळून केवळ जाळी विणत राहणारा आपलीच चूक अधिक ठळक, अधिक रेखीव करून पाहतो. चूक मात्र चूकच राहते.