गुलाबी बोंडअळी : पतंगाची शरीररचना, ओळख आणि प्रसार

गुलाबी बोंडअळीचे नुकसान बोंडात दिसते, तिची अळी फोडलेल्या बोंडात सापडते. पण तिचा पतंग बहुतेकांनी नीट पाहिलेला नसतो. तो लहान, मातकट रंगाचा आणि रात्री फिरणारा आहे. कामगंध सापळ्यातील पतंग ओळखता आला, तर अळी बोंडात शिरण्यापूर्वीच उपाय करता येतो. ही कीड एका देशातून दुसऱ्या देशात कशी पोचली, हे कळले की हंगाम संपल्यावरची कामे का महत्त्वाची आहेत, तेही लक्षात येते.

वर्गीकरण

शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. ही कीड लेपिडोप्टेरा गणातील जेलेचिइडी कुळात मोडते. या कुळातील पतंग लहान असतात व त्यांच्या पंखांना केसांची झालर असते. कापूस हे मुख्य खाद्य पीक. भेंडी, अंबाडी अशा त्याच कुळातील वनस्पतींवरही ती जगते.

पतंगाची शरीररचना

आकार : शरीराची लांबी ७ ते १० मि.मी.; पंख पसरल्यावर रुंदी १५ ते २० मि.मी.

डोके : तोंडापुढील दोन स्पर्शके लांब असून वर वळलेली असतात. मिशा बारीक व दोऱ्यासारख्या असतात. मिशीच्या बुडाशी पाच-सहा ताठ केसांची कंगव्यासारखी रांग असते. ती पाहण्यासाठी भिंग लागते.

पुढचे पंख : अरुंद, टोकाकडे निमुळते, राखाडी-तपकिरी. त्यांवर गडद, अनियमित ठिपके व पट्टे असतात.

मागचे पंख : पुढच्या पंखांपेक्षा रुंद, चंदेरी-करडे, कडेला लांब केसांची झालर. मागच्या पंखाच्या बुडाशी नरामध्ये एकच ताठ केस असतो, मादीमध्ये एकापेक्षा जास्त.

ठिपक्यांच्या बोंडअळीच्या पतंगाचे पुढचे पंख हिरवे किंवा हिरवा पट्टा असलेले असतात. अमेरिकन बोंडअळीचा पतंग आकाराने दुपटीपेक्षा मोठा व दणकट असतो. त्यामुळे सापळ्यातील लहान, करडा, झालरीचा पतंग वेगळा काढणे अवघड नाही.

अंडी, अळी आणि कोष

अंडी : चपटी, लांबट, सुमारे अर्धा मि.मी. लांब. सुरुवातीला मोत्यासारखी पांढरी, उबण्यापूर्वी लालसर. मादी ती पाते, कोवळे शेंडे व पानांच्या बेचक्यात घालते. बोंडे धरल्यावर बोंडाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या आवरणाखाली घालते. तेथे फवारणी सहज पोचत नाही.

अळी : पहिल्या दोन अवस्थांत पांढरी, डोके तपकिरी. तिसऱ्या अवस्थेपासून अंगावर गुलाबी पट्टे येतात. म्हणून बोंडात पांढरी बारीक अळी दिसली, तर ती गुलाबी बोंडअळी नाही असे समजू नये. पूर्ण वाढलेली अळी ११ ते १३ मि.मी. असते. पोटावरील पायांच्या आकड्यांची रांग घोड्याच्या नालेसारखी असून बाहेरच्या बाजूला उघडी असते. नर अळीच्या पाठीवर कातडीखालून एक गडद ठिपका दिसतो.

कोष : तपकिरी, ८ ते १० मि.मी. जमिनीवरील पालापाचोळ्यात, मातीच्या वरच्या थरात किंवा बोंडातच आढळतो.

जीवनक्रम आणि नुकसान

अंडी ३ ते ५ दिवसांत उबतात. अळी थोड्याच वेळात पात्यात किंवा बोंडात शिरते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या रेशमी धाग्याने बांधते. असे न उमललेले फूल म्हणजे डोमकळी. बोंडात शिरताना पडलेले बारीक छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. वरून बोंड निरोगी दिसते. आत अळी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जात सरकी खाते. बाहेर पडतानाचे गोल छिद्र मात्र स्पष्ट दिसते. तोवर रुईची प्रत घसरलेली असते, कापूस पिवळट व कवडीयुक्त निघतो. उबदार हवामानात एक पिढी साधारण महिनाभरात पूर्ण होते.

हंगामाच्या शेवटी दिवस लहान व हवा थंड झाली की पूर्ण वाढलेली अळी कोषात न जाता सुप्तावस्थेत जाते. दोन सरक्या धाग्याने जोडून ती त्यांच्या पोकळीत बसते आणि काही महिने न खाता जिवंत राहते. किडीच्या जगभर प्रसाराचे मूळ येथे आहे.

प्रसार : सरकीबरोबर झालेला प्रवास

या किडीचे शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनी १८४० च्या दशकात भडोच भागातील कापसावरील नमुन्यांवरून केले. तिचे मूळ स्थान भारतीय उपखंड की इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाचा भाग, याबाबत शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातून गेलेल्या सरकीबरोबर ती इजिप्तमध्ये पोचली. इजिप्तच्या सरकीबरोबर १९११ च्या सुमारास मेक्सिकोत गेली आणि मेक्सिकोतून १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात. आज आशिया, आफ्रिका व अमेरिका खंडांतील बहुतेक कापूस उत्पादक देशांत ती आढळते.

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये आणि दोन जनुकांच्या बीटीला २००६ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीची काही वर्षे ही अळी जवळपास दिसेनाशी झाली. पुढे तिच्यात प्रतिकारक्षमता आली. आधी एका जनुकाच्या आणि नंतर दोन जनुकांच्या वाणांवरही ती गुजरातमध्ये आढळली. २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा व खानदेशात मोठे नुकसान झाले. त्यानंतर हरियाणा व पंजाबातही प्रादुर्भाव वाढला.

अमेरिकेने मात्र २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. बीटी वाण, वंध्य पतंग सोडणे, कामगंधाने मीलनात अडथळा आणणे व पिकाचे अवशेष वेळेत नष्ट करणे, हे उपाय तेथे संपूर्ण पट्ट्यात एकत्र राबवले गेले.

शेतात काय करावे

• पूर्वहंगामी लागवड टाळावी. पाते येण्यापूर्वी सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगांना अंडी घालण्यास योग्य जागा मिळत नाही व त्यांची पुढची पिढी तयार होत नाही.

• लागवडीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट उंच लावावेत. सापळ्यात नर पतंगच येतात. सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात रोज ८ किंवा जास्त पतंग आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत.

• दर आठवड्याला शेताच्या वेगवेगळ्या भागांतील २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. २ बोंडांत अळी किंवा तिचे नुकसान दिसले, तर प्रादुर्भाव १० टक्के, म्हणजे नियंत्रणाच्या पातळीवर आहे.

• डोमकळ्या दिसताच तोडून अळीसह नष्ट कराव्यात.

• फरदड घेऊ नये. वेचणी संपताच पऱ्हाटी शेतातून काढावी. बांधावर किंवा घराजवळ गंजी लावून ठेवू नये. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी.

• जिनिंग कारखाने, सरकीची गोदामे व कापूस साठवलेली घरे येथेही सापळे लावावेत. साठवलेल्या सरकीतील अळी पुढच्या हंगामात पतंग होऊन जवळच्या शेतात पोचते.

ही कामे एकाच शेतात झाली आणि शेजारी फरदड उभी राहिली, तर पतंग तेथून परत येतो. म्हणून पऱ्हाटी काढण्याची तारीख गावाने मिळून ठरवावी.