वाळलेल्या कणसाला पुन्हा कोंब

‘माया’ हा शब्द कानावर पडला की आपल्याला वेदान्तातली माया आठवते, कुणाला मयासुरही आठवतो. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांशी या दोहोंचा काहीही संबंध नाही. उच्चारातले साम्य हा निव्वळ योगायोग. शून्यासाठी स्वतंत्र चिन्ह वापरणारे आणि शुक्राच्या उदयास्तांची कोष्टके मांडणारे हे लोक ‘लोप पावले’, असे वाक्य पुष्कळदा वाचायला मिळते. ते अर्धसत्य आहे. नवव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेच्या सखल प्रदेशातली त्यांची मोठी नगरे ओस पडत गेली, हे खरे. पण माणसे संपली नाहीत. ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत आजही लक्षावधी लोक माया भाषा बोलतात. इतके आघात सोसूनही टिकून राहिलेला हा समाज आपल्या मुलांना कोणती गोष्ट सांगत आला, ते आज पाहू.

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या किचे मायांचा ‘पोपोल वूह’ नावाचा ग्रंथ आहे. त्यात सृष्टीची कथा येते आणि ती चक्क फसलेल्या प्रयत्नांची कथा आहे. आपले नाव घेणारा, आपले स्मरण ठेवणारा जीव देवांना हवा होता. त्यांनी पशुपक्षी घडवले. त्यांना बोलता येईना. मातीचा माणूस केला. तो पाण्यात विरघळू लागला. मग लाकडाची माणसे केली. ती बोलत, त्यांना मुलेही होत, पण त्यांना हृदय नव्हते आणि स्मरण नव्हते. अखेर पूर आला, आणि त्यांचीच मडकी, जाती आणि कुत्री त्यांच्यावर उलटली. शेवटी पिवळ्या आणि पांढऱ्या मक्याच्या पिठातून खरी माणसे घडली. प्रयोगशाळेत वावरणाऱ्या आम्हां मंडळींना ही कथा फार ओळखीची वाटते. देवांचाही पहिला प्रयोग यशस्वी झाला नाही!

याच ग्रंथात हुनाह्पू आणि श्बालान्के या जुळ्या भावांची कथा आहे. त्यांचे वडील आणि काका चेंडूच्या खेळात पटाईत होते. शिबाल्बा या पाताळनगरीच्या मृत्युदेवांनी त्यांना खेळायला बोलावले. तिथे पोचताच दोघांनी आदराने नमस्कार केला, तो लाकडी पुतळ्यांना! बसायला दिलेले आसन म्हणजे तापलेला दगड निघाला. रात्री अंधाऱ्या घरात त्यांना एक मशाल आणि दोन चिरूट मिळाले. सकाळी ते जसेच्या तसे परत करायचे होते. ते जळून गेले, आणि सकाळी दोघांचाही बळी गेला.

मुले मोठी झाली आणि त्यांनाही बोलावणे आले. निघण्यापूर्वी त्यांनी आजीच्या घरात मधोमध मक्याचे एकेक कणीस लावले आणि सांगितले, ‘हे वाळले तर आम्ही मेलो असे समज, पुन्हा कोंब फुटले तर आम्ही जिवंत आहोत.’

शिबाल्बाच्या वाटेवर त्यांनी एका डासाला पुढे पाठवले. डास बसलेल्या प्रत्येकाला चावत गेला. लाकडाचे होते ते गप्प राहिले. देव ओरडले आणि एकमेकांना नावाने हाक मारून विचारू लागले. खरे कोण, खोटे कोण आणि कुणाचे नाव काय, हे सारे एका डासाने कळवले. तापलेल्या दगडावर मुले बसलीच नाहीत. मशालीच्या जागी त्यांनी मकाव पक्ष्याची लाल पिसे लावली आणि चिरुटांच्या टोकांवर काजवे बसवले. सकाळी सारे जसेच्या तसे परत!

यापुढेही संकटे आलीच. वटवाघळांच्या घरात हुनाह्पूचे शिर तुटले, तेव्हा भावाने प्राण्यांच्या मदतीने भोपळ्याचे शिर करून वेळ निभावली. शेवटी दोघांनी आपण होऊन भट्टीत उडी घेतली. त्यांची हाडे दळून नदीत टाकली गेली. घरी कणसे वाळली, आजी रडली. पण पाचव्या दिवशी मुले पाण्यातून पुन्हा प्रकटली, आणि कणसांना कोंब फुटले. पुढे त्यांनी मृत्युदेवांना युक्तीने हरवले आणि स्वतः सूर्य-चंद्र झाली.

वडिलांत आणि मुलांत फरक कोणता, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. ‘मुले अधिक शूर होती’ असे उत्तर बहुधा येईल. पण वडीलही भित्रे नव्हते. त्यांना माहिती नव्हती. ज्या सापळ्यांत वडील अडकले, नेमके तेच मुलांनी चुकवले. शिवाय ती एकटी नव्हती. डास, काजवे, इतर प्राणी आणि वाट पाहणारी आजी त्यांच्यामागे होती. नापास झालेल्या विद्यार्थ्याला आपण ‘जिद्द धर’ एवढेच सांगतो. त्याला डास कोण आणि काजवे कोण, हे शोधायला आपण किती मदत करतो?

या ग्रंथाचे स्वतःचे आयुष्यही असेच आहे. १५२४ मध्ये स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादो याने किचे राजांना जिवंत जाळले आणि त्यांची राजधानी पेटवून दिली. १५६२ मध्ये युकातान प्रांतात दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया पोथ्यांची होळी केली. पण त्याच शतकाच्या मध्यास काही किचे जाणकारांनी परक्यांचीच रोमन लिपी शिकून आपली कथा आपल्या भाषेत लिहून ठेवली. १७०१ ते १७०३ या काळात फ्रान्सिस्को शिमेनेस या पाद्र्याने तिची नक्कल आणि स्पॅनिश भाषांतर केले. आज तीच प्रत उरली आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. चिवटपणाचे कौतुक करताना घाव घालणारा नजरेआड होऊ नये. ग्वाटेमालातले यादवी युद्ध १९९६ मध्ये संपले. त्यात सुमारे दोन लाख माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि त्यांत माया लोक बहुसंख्य होते. कथेतली दळलेली हाडे जिवंत होतात. ही होत नाहीत. युद्धानंतर तिथले न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ सामूहिक दफनांतली हाडे उकरून, त्यांची डीएनए चाचणी करून, एकेकाचे नाव शोधत आले आहेत. लाकडी माणसांना स्मरण नव्हते म्हणून ती टिकली नाहीत. मक्याच्या माणसांना ते आहे.