मोफत ज्ञान आणि मातृभाषा : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात स्वयंअध्ययनाच्या साधनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. इंटरनेटवरील मोफत अध्ययन साधनांचा कालखंडही जवळपास हाच आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने आपले अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. भारतात आय.आय.टी. व भारतीय विज्ञान संस्था यांचा ‘एनपीटीईएल’ प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला, तर ‘स्वयम्’ हे केंद्र शासनाचे व्यासपीठ २०१७ मध्ये आले. २०११ च्या जनगणनेनुसार ११,७७,३४५ लोकसंख्या असलेल्या आणि सुमारे ८५ टक्के ग्रामीण असलेल्या या जिल्ह्यात अशा साधनांचे मोल विशेष आहे. मात्र जे मोफत मिळते ते आत्मसात करता येतेच असे नाही. ही अडचण नवी नाही. या प्रदेशाच्या शैक्षणिक इतिहासात ती पूर्वीही दिसते.

निजामकालीन अनुभव

हिंगोलीचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी इंग्रजीऐवजी उर्दू माध्यम स्वीकारले. भारतीय भाषेतून आधुनिक विद्या शिकविण्याचा हा मोठा प्रयोग होता. त्याची पूर्वतयारी अधिक महत्त्वाची आहे. पाठ्यग्रंथांच्या अनुवादासाठी १९१७ मध्येच भाषांतर विभाग स्थापन करण्यात आला. विज्ञान, इतिहास, कायदा इत्यादी विषयांचे ग्रंथ तेथे उर्दूत आणले गेले आणि पारिभाषिक संज्ञा निश्चित करण्यात आल्या.

या प्रयोगाला दुसरी बाजूही होती. मराठवाड्यातील बहुसंख्य लोकांची भाषा मराठी होती. त्यांच्या दृष्टीने इंग्रजीच्या जागी आणखी एक परकी भाषा आली, एवढाच फरक पडला. ज्ञान आपल्याच राज्यात निर्माण होत होते, परंतु आपल्या भाषेत नव्हते. अनुवादाची पद्धतशीर व्यवस्था उभी राहिली की उच्च शिक्षण देशी भाषेत शक्य होते, आणि ती व्यवस्था ज्या भाषेसाठी नसते तिचे भाषक मागे राहतात, या दोन्ही गोष्टी या अनुभवातून स्पष्ट होतात.

मराठीतील साधने

महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य वाई येथून सुरू झाले. पुढे विश्वकोशाचे खंड व शासनाचे परिभाषा कोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध झाले. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ मध्ये झाला. ही साधने संदर्भासाठी उपयुक्त आहेत, मात्र क्रमाने विषय शिकविणे हा त्यांचा हेतू नव्हे.

ती उणीव काही प्रमाणात आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने भरून काढली. संगणक प्रणालींवरील साधारण दहा मिनिटांचे हे पाठ शिक्षकाविना शिकणाऱ्यासाठी रचलेले आहेत. संहिता नवख्या व्यक्तीकडून तपासून घेतली जाते. पडद्यावरील मजकूर इंग्रजीतच राहतो, पण निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले जाते. पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही पाहता येतात. जेथे जोडणी खंडित होते अशा गावांत ही सोय महत्त्वाची ठरते.

लायगो-इंडिया : आजची कसोटी

औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंग क्षेत्र म्हणून परिचित आहे. परंपरेनुसार संत नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश येथेच झाला. त्याच तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पास सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील.

अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी नोंदविलेली निरीक्षणे व ती अभ्यासण्याचे पाठ इंटरनेटवर सर्वांना मोफत खुले आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये नोंदविलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीची मूळ माहिती औंढ्यातील पदवीचा विद्यार्थीही पाहू शकतो. त्यासाठी शुल्क लागत नाही, परंतु पदवीस्तरीय भौतिकशास्त्र, पायथन ही संगणकीय भाषा आणि इंग्रजी वाचन या तीन गोष्टी लागतात. पहिल्या दोहोंसाठी मोफत अभ्यासक्रम आहेत, पण त्यांतील बहुतेक तिसरीवर अवलंबून आहेत. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी येथेच थांबतो. वेधशाळा जिल्ह्यात आणि तिचे ज्ञान जिल्ह्याबाहेर, अशी स्थिती राहिल्यास निजामकालीन अनुभवाचीच पुनरावृत्ती होईल.

निष्कर्ष

१. मोफत साधनांमुळे शुल्क व अंतर हे अडथळे कमी झाले, भाषेचा अडथळा मात्र कायम आहे.

२. उस्मानिया विद्यापीठाच्या उदाहरणात अनुवाद आधी व अध्यापन नंतर असा क्रम होता. तो आजही मार्गदर्शक आहे.

३. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करता येतात. त्यामुळे या साधनांची निवड, मराठी टिपणे व संज्ञांचे स्पष्टीकरण ही महाविद्यालयीन अध्यापनाची नियमित जबाबदारी ठरते. स्वयंअध्ययनाच्या काळात शिक्षकाची गरज संपलेली नाही. विद्यार्थी आणि साधन यांच्यातील दुवा म्हणून ती अधिक वाढली आहे.