हेल्म म्हणजे काय? एका कमांडमध्ये ॲप बसतं, पण ‘रोलबॅक’ डेटा परत आणत नाही

मोबाइलवर ॲप घ्यायचं तर ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवलं की काम झालं. पण बातम्यांची वेबसाइट किंवा तिकीट बुकिंगची सेवा ज्या सर्व्हरवर चालते, तिथे सॉफ्टवेअर कसं बसवतात? आज अनेक कंपन्यांमध्ये हे काम कुबरनेटीस नावाच्या यंत्रणेवर होतं. त्या यंत्रणेवर तयार ॲप बसवण्याचं सर्वांत परिचित साधन म्हणजे हेल्म.

टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं आणि काही मिनिटांत डेटाबेससकट अख्खी वेबसाइट उभी. हे खरंच होतं. पण त्या ओळीमागे काय घडतं हे माहीत नसेल, तर पुढची एखादी ओळ तीच वेबसाइट तितक्याच वेगाने आडवी करू शकते.

कंटेनर, क्लस्टर आणि तांडेल

कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइल्स एकत्र बांधलेली पेटी. ती कुठल्याही सर्व्हरवर ठेवली तरी आतला प्रोग्रॅम सारखाच चालतो. अशा चार-पाच पेट्या हाताने सांभाळता येतात. शेकडो पेट्या आणि डझनावारी सर्व्हर झाले की कुठली पेटी कुठे ठेवायची, बंद पडली तर कोण चालू करणार, गर्दी वाढली तर प्रती कोण वाढवणार, हे प्रश्न सुरू होतात. ते कुबरनेटीस सोडवतं. एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या समूहाला क्लस्टर म्हणतात.

गुगलने कुबरनेटीस २०१४ च्या जूनमध्ये सर्वांसाठी खुलं केलं. हा मूळ ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ नावेचं सुकाणू धरणारा. कोकणातल्या मच्छीमारांच्या बोलीत जवळचा शब्द तांडेल. मग पुढच्या साधनांची नावंही समुद्रावरचीच आली. ‘हेल्म’ म्हणजे सुकाणू आणि त्यात वापरतात तो ‘चार्ट’ म्हणजे दर्यावर्दी लोकांचा नकाशा.

कुबरनेटीसला काम सांगायचं तर यामल या साध्या मजकुराच्या फाइल्स लिहाव्या लागतात. वर्डप्रेसची एक साइट घ्या. तिला वर्डप्रेस हवं, डेटाबेस हवा, दोघांना डिस्क हवी, पासवर्ड हवेत, एकमेकांना सापडण्यासाठी पत्ते हवेत आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी दार हवं. प्रत्येकाचं वर्णन वेगळं. यामलमध्ये ओळीआधीची मोकळी जागा चुकली तरी अर्थ बदलतो. चाचणीसाठी एक आणि लोकांसाठी एक अशा दोन साइट हव्या असतील, तर हेच सगळं थोड्या फरकाने पुन्हा लिहायचं.

लग्नपत्रिकेचा साचा

हा ताप कमी करण्यासाठी २०१५ मध्ये डेइस या अमेरिकन कंपनीतल्या लोकांनी हेल्म सुरू केलं. त्याची कल्पना छापखान्यातल्या लग्नपत्रिकेसारखी आहे. पत्रिकेचा साचा तयार असतो. वधू-वरांची नावं, मुहूर्त आणि कार्यालय एवढंच भरायचं असतं. चार्ट म्हणजे असा साचा. त्यात सगळ्या यामल फाइल्स असतात, पण मोक्याच्या जागा रिकाम्या. त्या जागी काय भरायचं ते ‘व्हॅल्यूज’ नावाच्या फाइलमध्ये असतं. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर चार्ट लिहिणाऱ्याने ठरवलेल्या किमती भरल्या जातात.

साचा भरून क्लस्टरवर जे उभं राहतं त्याला ‘रिलीज’ म्हणतात. एकाच चार्टमधून ‘चाचणी’ आणि ‘मुख्य’ अशी दोन रिलीज सुखाने नांदू शकतात.

बसवायचं कसं?

आधी ‘हेल्म रेपो ॲड’ लिहून चार्ट जिथे ठेवले आहेत त्या भांडाराचा पत्ता द्यायचा. ‘हेल्म रेपो अपडेट’ने यादी ताजी करायची. मग ‘हेल्म इन्स्टॉल’, पुढे रिलीजचं नाव आणि चार्टचं नाव. (टर्मिनलमध्ये हे अर्थातच रोमन लिपीत लिहायचं.)

घाई नसेल, आणि नसावीच, तर त्याआधी दोन गोष्टी करता येतात. ‘हेल्म शो व्हॅल्यूज’ने चार्टमधल्या सगळ्या रिकाम्या जागा आणि त्यांच्या ठरलेल्या किमती दिसतात. ‘हेल्म टेम्प्लेट’ने भरलेला साचा पडद्यावर वाचता येतो, क्लस्टरवर काहीच बदलत नाही.

आणखी एक खबरदारी नवख्यांना कुणी सांगत नाही. कुठल्या क्लस्टरवर काम करायचं हे हेल्म विचारत बसत नाही. तुमच्या संगणकावरच्या कुबरनेटीसच्या सेटिंगमध्ये त्या क्षणी जो क्लस्टर निवडलेला असेल, त्यावर ते काम करतं. चाचणीच्या क्लस्टरवर आहोत असं समजून मुख्य क्लस्टरवर कमांड चालवणं ही जुनी, नेहमीची चूक आहे.

शेवटी पडद्यावर ‘डिप्लॉइड’ असं येतं. त्याचा अर्थ कुबरनेटीसने तुमचा अर्ज स्वीकारला, इतकाच. आतलं ॲप चालू झालंच असं नाही. ते तयार होईपर्यंत थांबायला हवं असेल, तर कमांडमध्ये ‘वेट’ हा पर्याय जोडावा लागतो.

घोळ होतो तो अपग्रेडला

समजा, पहिल्यांदा बसवताना तुम्ही ५० जीबी डिस्क, स्वतःचा पासवर्ड आणि स्वतःचा डोमेन दिला. महिन्याभराने गर्दी वाढली म्हणून ‘हेल्म अपग्रेड’ करताना फक्त ‘प्रती तीन करा’ एवढंच लिहिलं. तुमची अपेक्षा असते की बाकीचं आहे तसं राहील. तसं होत नाही. अपग्रेडला एक जरी नवी किंमत दिली, तरी न सांगितलेल्या सगळ्या जागा चार्टच्या मूळ किमतींवर परत जातात. डोमेन उडतो, पासवर्ड बदलतो आणि साइट बंद. जुन्या किमती ठेवण्यासाठी ‘रियूज व्हॅल्यूज’ हा पर्याय आहे. पण त्याहून भरवशाचं म्हणजे सगळ्या किमती स्वतःच्या एका फाइलमध्ये लिहून दर वेळी तीच फाइल देणं.

मग ‘हेल्म रोलबॅक’ आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. हेल्म प्रत्येक बदलाला क्रमांक देतं आणि सांगितलेल्या क्रमांकावर परत नेतं. पण परत येतो तो फक्त भरलेला साचा. नव्या आवृत्तीने डेटाबेसमधल्या तक्त्यांची रचना बदलली असेल, तर रोलबॅकनंतर जुना प्रोग्रॅम नव्या रचनेच्या डेटासमोर उभा राहतो आणि अडखळतो. डेटा मागे नेण्यासाठी वेगळा बॅकअपच लागतो.

‘हेल्म अनइन्स्टॉल’ची गोष्ट याहून चमत्कारिक. डेटाबेससारख्या सेवांच्या डिस्क अनइन्स्टॉलनंतरही बहुतेक वेळा मागे राहतात, कारण त्या हेल्मने थेट बनवलेल्या नसतात. कुबरनेटीसने बनवलेल्या असतात. यामुळे डेटा वाचतो, पण क्लाउडचं बिल चालूच राहतं. पुन्हा त्याच नावाने ॲप बसवलं, तर चार्ट नवा पासवर्ड तयार करतो आणि जुन्या डिस्कवर मात्र जुनाच पासवर्ड असतो. दार उघडत नाही आणि कारण कळायला अर्धा दिवस जातो. उलट, जी डिस्क चार्टमध्येच थेट लिहिलेली असते, ती अनइन्स्टॉलबरोबर जाऊ शकते. कुठली राहणार आणि कुठली जाणार, हे चार्ट वाचल्याशिवाय कळत नाही.

टिलर का गेला?

हेल्मच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘टिलर’ नावाचा भाग क्लस्टरमध्येच बसून असायचा. त्याला बऱ्याच ठिकाणी क्लस्टरचे सगळे अधिकार दिलेले असत. त्यामुळे टिलरपर्यंत पोचलेला माणूस काहीही करू शकत असे. नोव्हेंबर २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीत टिलर काढून टाकला. आता हेल्म वापरणाऱ्याला जेवढे अधिकार, तेवढंच हेल्म करू शकतं. रिलीजचा इतिहास क्लस्टरमध्ये ‘सिक्रेट’ प्रकारच्या नोंदींत राहतो. नाव गुप्त असलं, तरी ज्याला त्या नोंदी वाचायची परवानगी आहे, त्याला तुम्ही भरलेले पासवर्डही वाचता येतात.

चार्ट कुणाचा, माल कुणाचा?

चार्ट हा फक्त कागद. प्रत्यक्ष कंटेनर दुसऱ्याच भांडारातून येतो. २०२५ मध्ये हे अनेकांना ठेच लागून समजलं. बिटनामीचे मोफत चार्ट जगभर वापरात होते. ही कंपनी २०१९ मध्ये व्हीएमवेअरकडे आणि २०२३ मध्ये व्हीएमवेअरसह ब्रॉडकॉमकडे गेली. ब्रॉडकॉमने २०२५ मध्ये मोफत कंटेनरचं धोरण बदललं आणि जुन्या आवृत्त्या वेगळ्या भांडारात हलवल्या, जिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. चालू असलेलं ॲप अशा बदलाने लगेच थांबत नाही. पण एखादा सर्व्हर बंद पडून पेटी दुसरीकडे हलवायची वेळ आली की क्लस्टर कंटेनर आणायला जुन्या पत्त्यावर जातो, आणि तिथे काही नसतं.

चार्ट शोधण्यासाठी ‘आर्टिफॅक्ट हब’ ही खुली जागा आहे. तिथे काही चार्टवर ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ अशी खूण दिसते. ते भांडार खरोखर त्या प्रकाशकाच्या ताब्यात आहे, एवढंच ती खूण सांगते. आतलं सॉफ्टवेअर सुरक्षित असल्याची ती हमी नाही. बसवताना ‘व्हर्जन’ या पर्यायाने चार्टचा नेमका क्रमांक लिहून ठेवला, तर सहा महिन्यांनी तीच कमांड चालवल्यावर तोच चार्ट येतो. न लिहिल्यास भांडारातला त्या दिवशीचा सर्वांत नवा चार्ट येतो.