माझगावचे काका

माझगावच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. तेथे क्षणभर विसावणाऱ्या आपल्यापैकी कितीजण हे बाप्टिस्टा कोण, असा विचार करतात?

त्यांचे वडील उत्तनच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबातले. गाव सोडून ते मुंबईत स्थायिक झाले. १७ मार्च १८६४ रोजी माझगावच्या माथारपाखाडीत जोसेफ जन्मले. पुण्यास इंजिनिअरिंग शिकून ते पुढे केंब्रिजला गेले आणि बॅरिस्टर होऊन परतले.

वकिलीवर सुखाने राहणे त्यांना सहज शक्य होते. परंतु ते महापालिकेचे सभासद झाले आणि अनेक वर्षे शहराच्या कारभारात राबले. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ते लोकमान्य टिळकांच्या मदतीस उभे राहिले. १९१६ साली टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापिली, तेव्हा अध्यक्षपद त्यांनी बाप्टिस्टांना दिले. १९२० साली कामगारांची अखिल भारतीय संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता, तर पुढल्या वर्षी झरियाच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १९२५ साली महापालिकेचे अध्यक्षपद, म्हणजेच आजचे महापौरपद, त्यांच्याकडे आले. लोक मात्र त्यांना ‘काका’ म्हणत. १८ सप्टेंबर १९३० रोजी ते निवर्तले.

सार्वजनिक काम हे आपले नव्हे, असे आपल्या घरांतून पुष्कळदा ऐकू येते. आम्हांस वाटते, काकांनी त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. श्रद्धा न सोडता ते हिंदू पुढाऱ्याचे विश्वासू सहकारी झाले आणि गिरणीतल्या मजुराचे आप्तही. त्यांचे नाव मुलांना सांगणे, एवढे तरी आपण करू या.